हायब्रिड की पेट्रोल? हिशेब लिटरमध्ये मांडून बघा

हायब्रिड गाडी (पेट्रोल इंजिनाला विजेच्या मोटरची जोड असलेली) परवडते का, असं विचारलं की उत्तरादाखल बहुधा एकच आकडा पुढे येतो: लिटरला किती किलोमीटर. हायब्रिड २५ देते, पेट्रोल १६ देते, मग आणखी विचार कसला! पण हा आकडा जरा लबाड आहे, आणि गाडीची निवड चुकते ती अनेकदा इथेच.

एक सोपं गणित करून बघा. एकाने लिटरला १० किमी देणारी गाडी काढून १२ देणारी घेतली. दुसऱ्याने २० देणारी काढून २५ देणारी घेतली. पेट्रोल जास्त कोणाचं वाचलं? ऐकताना पाचाची उडी दोनापेक्षा मोठी वाटते. आता १००० किमीचं पेट्रोल मोजू. पहिल्याला १०० लिटर लागत होतं, आता ८३ लागतं. वाचलं १७ लिटर. दुसऱ्याला ५० लागत होतं, आता ४० लागतं, वाचलं १०. म्हणजे दोनाची उडी पाचाच्या उडीपेक्षा जास्त कामाची निघाली. अॅव्हरेज आधीच चांगला असलेल्या गाडीत पुढचा प्रत्येक किलोमीटर कमी कमी वाचवतो. म्हणून तुलना करताना आकडा उलटा करून घ्यायचा: १०० किमीला किती लिटर. १०० ला अॅव्हरेजने भागलं की हा आकडा मिळतो. या लेखात पुढे सगळीकडे हेच माप वापरलं आहे.

दुसरी युक्ती अशी, की गाडीच्या किमतीतला फरकही लिटरमध्येच मोजायचा. हायब्रिड आणि पेट्रोल मॉडेलच्या किमतीत जो फरक असेल, त्याला तुमच्याकडच्या एका लिटरच्या भावाने भागा. येणारं उत्तर म्हणजे हायब्रिडने तुम्हाला परत द्यायचं असलेलं पेट्रोल. पैसे बाजूला ठेवून असा विचार केला की प्रश्न फार स्वच्छ होतो: एवढे लिटर वाचायला माझ्या रस्त्यावर किती किलोमीटर लागतील?

'माझ्या रस्त्यावर' हे शब्द त्यात सगळ्यांत महत्त्वाचे. का, ते समजायला आधी पेट्रोल जातं कुठे हे बघावं लागतं.

टाकीतलं पेट्रोल आणि चाकापर्यंतची गळती

एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ९ युनिट विजेएवढी ऊर्जा असते. आजचं चांगलं पेट्रोल इंजिन त्यातली ३५ ते ४० टक्के कामाला लावू शकतं. मात्र हे झालं इंजिनाच्या आवडत्या स्थितीत, म्हणजे मध्यम फेऱ्यांवर आणि बऱ्यापैकी भार असताना. रोजच्या चालवण्यात ही स्थिती क्वचितच येते.

मध्यम आकाराची, १३०० किलोची गाडी घेऊ. सपाट रस्त्यावर ताशी ५० किमीच्या स्थिर वेगाला तिला किती ताकद लागते? हवेचा अडथळा साधारण १ किलोवॅट खातो, टायरचं रस्त्याशी होणारं घर्षण पावणेदोन किलोवॅट. म्हणजे सगळे मिळून जेमतेम ३ किलोवॅट. बॉनेटखाली मात्र ७५ किलोवॅटचं इंजिन बसलेलं असतं. पाच हॉर्सपॉवरचा पंप लावून तांब्याभर पाणी काढावं, तसा हा प्रकार. इतक्या कमी भारावर इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते. त्या फटीतून हवा ओढण्यातच पिस्टनची शक्ती जाते. शिवाय आतलं घर्षण भार कमी झाला म्हणून कमी होत नाही. त्यामुळे ४० टक्क्यांचं इंजिन २० टक्क्यांवर येतं, कधी त्याच्याही खाली.

सिग्नलवर उभं राहिलं की उपयुक्त काम शून्य, आणि पेट्रोल चालूच. एसी लावून उभ्या असलेल्या साध्या पेट्रोल गाडीचं इंजिन तासाला पाऊण ते एक लिटर सहज पितं.

उरला ब्रेक. हीच गाडी ताशी ५० वर आणली की तिच्यात साधारण १२५ किलोज्यूल गतिऊर्जा साठते. इंजिन तेव्हा २५ टक्के कार्यक्षम होतं असं धरलं, तर त्यासाठी १५-१६ मिलिलिटर पेट्रोल जळतं, म्हणजे एक मोठा चमचाभर. पुढच्या सिग्नलला ब्रेक दाबला की या ऊर्जेचा मोठा भाग डिस्क तापवून हवेत जातो. किलोमीटरमागे असा एकच थांबा धरला तरी १०० किमीत दीड लिटर पेट्रोल फक्त गाडी पुन्हा पुन्हा उचलण्यात गेलं. गर्दीच्या रस्त्यावर थांबे याहून जास्तच असतात.

हायब्रिड यातलं काय वाचवतं

वरच्या तिन्ही गळत्यांवर हायब्रिडची यंत्रणा बोट ठेवते. उभं असताना इंजिन बंद. ब्रेक लावताना मोटर उलटं काम करून जनरेटर होते आणि बॅटरी भरते. कमी वेगात, जिथे इंजिन सगळ्यांत आळशी असतं, तिथे इंजिन झोपवून मोटरवर गाडी चालते. इंजिन चालू करावंच लागलं, तर ते थोडं जास्त भारावर, म्हणजे त्याच्या आवडत्या स्थितीत चालवून वरची शक्ती बॅटरीत टाकली जाते.

चौथी बचत फारशी कोणाच्या लक्षात येत नाही. बहुतेक फुल हायब्रिडमधलं (इंजिन बंद ठेवूनही मोटरवर चालू शकणाऱ्या गाडीतलं) इंजिनच वेगळ्या जातीचं असतं. त्याचा इनटेक व्हॉल्व्ह (हवा आत घेणारी झडप) मुद्दाम उशिरा बंद होतो, त्यामुळे पिस्टन वर येताना घेतलेल्या मिश्रणातलं थोडं परत मागे ढकललं जातं. दाबण्याचा टप्पा आखूड आणि प्रसरणाचा टप्पा लांब, असा हा बेत. त्याला अॅटकिन्सन सायकल म्हणतात. जळलेल्या वायूकडून जास्त काम काढून घेतलं जातं, पण खालच्या फेऱ्यांना इंजिन लुळं पडतं. एकटं असतं तर गाडी जागची हलायला कुरकुरली असती. इथे ती उणीव मोटर भरून काढते, कारण मोटर शून्य फेऱ्यांपासून पूर्ण टॉर्क (फिरवण्याचा जोर) देते. डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये आलेल्या टोयोटा प्रियसपासून ही जोडी चालत आली आहे.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. चार्जिंगची वायर नसलेल्या हायब्रिडमध्ये येणारी सगळी ऊर्जा शेवटी पेट्रोलमधूनच येते. डॅशबोर्डवर हिरवं 'ईव्ही' चमकलं म्हणजे फुकटात चाललो असं होत नाही. ती वीज एक तर मघाशी इंजिनाने बनवलेली असते, नाही तर तुम्ही मघाशी दाबलेल्या ब्रेकमधून परत आलेली. परत येणारा वाटाही पूर्ण नसतो. मोटर, इन्व्हर्टर (मोटर आणि बॅटरीमध्ये विजेचं रूप बदलणारा), बॅटरी आणि पुन्हा मोटर अशा फेरीत दर टप्प्याला थोडी गळती होते. चाकापाशी पुन्हा हाती लागते ती फार तर अर्धी ते दोन तृतीयांश.

आता पाटीकडे बघा. 'हायब्रिड' हाच शब्द तीन फार वेगळ्या गाड्यांवर लावला जातो. माइल्ड हायब्रिडमध्ये अल्टरनेटरच्या (इंजिनावर वीज बनवणाऱ्या भागाच्या) जागी पट्ट्यावर चालणारी छोटी मोटर असते, १२ किंवा ४८ व्होल्टची. ती इंजिन पटकन सुरू करते, जोर देताना किंचित हात लावते, ब्रेकमधली थोडी वीज घेते. बचत होते, पण थोड्या टक्क्यांची. तिच्याकडून फुल हायब्रिडच्या अॅव्हरेजची अपेक्षा धरणं चूक, आणि जाहिरातीत हा फरक मोठ्या अक्षरांत नसतो. ओळखायची खूण साधी आहे: इंजिन बंद ठेवून गाडी जागची हलते का? हलली, तर फुल हायब्रिड. अशा गाडीत साधारण १ ते २ युनिटची बॅटरी असते. आणि घरच्या प्लगला लावून भरता येत असेल, तर प्लग-इन. तिचा हिशेब पुढे वेगळा केला आहे, कारण तो खरंच वेगळा आहे.

शहरात जिंकते, महामार्गावर दमते

तीच १३०० किलोची गाडी ताशी १०० वर न्या. वेग दुप्पट झाला की हवेच्या अडथळ्याला लागणारी ताकद आठपट होते, म्हणजे १ किलोवॅटच्या जागी साडेआठ. टायरचे साडेतीन धरून बेरीज १२ किलोवॅट. ताशी १२० ला हीच बेरीज १९ वर जाते. आता इंजिनावर पुरेसा भार आहे, थ्रॉटल बऱ्यापैकी उघडा आहे, साधं पेट्रोल इंजिनही मन लावून काम करतंय. थांबे नाहीत, ब्रेक नाही, उभं राहणं नाही. हायब्रिड ज्या तीन गळत्या बुजवते त्या इथे मुळातच नाहीत. उरते ती अॅटकिन्सन इंजिनाची बचत आणि छोट्या चढउतारांवर मिळणारा किरकोळ फायदा.

उलट काही हायब्रिडमध्ये इंजिन फक्त वीज बनवतं आणि चाकं मोटर फिरवते. शहरात ही रचना झकास. महामार्गावर मात्र इंजिनाच्या शक्तीची आधी वीज आणि मग पुन्हा गती अशी दुहेरी अदलाबदल होते, आणि दोन्ही वेळा थोडं सांडतं. म्हणूनच होंडाच्या यंत्रणेत वेग वाढला की एक क्लच जुळतो आणि इंजिन थेट चाकांना जोडलं जातं. महामार्गावर जास्त फिरणाऱ्याने अशी थेट जोडणी आहे का, हे माहितीपत्रकात जरूर शोधावं.

घाटातही एक गंमत होते. लांबलचक चढावर बॅटरी लवकर रिती होते आणि सगळा भार छोट्या अॅटकिन्सन इंजिनावर येतो. ते आवाज करतं, पण ओढतं. उतारावर सुरुवातीचे काही किलोमीटर बॅटरी भरते, मग पूर्ण होते, आणि त्यापुढे मिळणारी ऊर्जा ठेवायला जागाच उरत नाही. तेव्हा गाडी इंजिनाच्या फेऱ्या वाढवून वेग आवरते. इंजिन एकदम घोंघावलं तर घाबरू नका, बिघाड झालेला नसतो. 'बी' मोड (उतारावर इंजिनाने वेग आवरणारी गिअरची जागा) असेल तर लांब उतारावर तो सुरुवातीपासून लावा. ब्रेक कमी तापतात.

आता प्रत्यक्ष हिशेब

उदाहरणादाखल आकडे घेऊ. तुमच्या गाड्यांचे आकडे तुम्ही घाला. शहरात पेट्रोल गाडीला १०० किमीला ६.५ लिटर लागतं, हायब्रिडला ४.५, फरक २ लिटर. महामार्गावर ५.५ आणि ४.८, फरक ०.७. किमतीतला फरक लिटरमध्ये मोजला तर २००० लिटरएवढा आला असं धरा.

सगळं चालवणं शहरातलं असेल, तर २००० लिटर वाचायला १ लाख किमी लागतील. सगळं महामार्गावरचं असेल, तर २ लाख ८५ हजार. सत्तर टक्के शहर आणि तीस टक्के महामार्ग असेल, तर १०० किमीला १.६१ लिटर वाचतं, म्हणजे सुमारे १ लाख २४ हजार किमी. वर्षाला १२ हजार किमी चालवणाऱ्याला त्यासाठी दहा वर्षं लागतात. वर्षाला २५ हजार चालवणाऱ्याला पाच. एकाच गाडीबद्दल एकजण 'पैसा वसूल' म्हणतो आणि दुसरा 'उगाच घेतली' म्हणतो, आणि दोघंही खरं बोलत असतात.

या हिशेबात तीन दुरुस्त्या कराव्या लागतात. गाडी हप्त्यांवर घेतली तर किमतीतल्या फरकावरही व्याज चढतं. फरक व्याजासह सव्वापट झाला, तर २००० च्या जागी २५०० लिटर धरा. दुसरी दुरुस्ती उलट दिशेची: फरकाची सगळी रक्कम बुडत नाही. गाडी विकताना त्यातले ४० टक्के परत मिळणार असतील, तर फक्त १२०० लिटर भरून काढायचे राहतात, आणि शहरातल्या चालवण्यात ते ६० हजार किमीत निघतात. म्हणून तुमच्या भागात त्याच मॉडेलच्या पाच-सात वर्षं जुन्या हायब्रिड आणि पेट्रोल गाड्या काय भावाने विकल्या जातात, हे बघणं माहितीपत्रक वाचण्याइतकंच महत्त्वाचं. तिसरी दुरुस्ती विम्याची आणि करांची. महाग गाडीचा विमा सहसा महाग पडतो. काही ठिकाणी हायब्रिडला करात सवलत असते, काही ठिकाणी नसते. वर्षाचा फरक काढा, तोही लिटरमध्ये बदला आणि वार्षिक बचतीत मिळवा किंवा वजा करा.

तुलना बरोबरीच्या गाड्यांची करा. हायब्रिड बहुतेक वेळा ऑटोमॅटिक आणि वरच्या श्रेणीतली असते. तिला हाताने गिअर टाकायच्या सगळ्यांत स्वस्त पेट्रोल मॉडेलशेजारी उभं केलं, तर सनरूफ आणि कॅमेऱ्याची किंमतही तुम्ही हायब्रिडच्या माथी मारता.

आकडा घ्यायचा कुठून

कंपनीचा आकडा प्रयोगशाळेतल्या चाचणीतला असतो. एकाच चाचणीतले दोन आकडे एकमेकांशी ताडून बघायला तो बरा. खर्चाचा अंदाज बांधायला नको. युरोपियन आयोगाने २०२४ मध्ये गाड्यांच्या आतल्या मीटरवरून गोळा केलेली माहिती मांडली. तिच्यात पेट्रोल-डिझेल गाड्यांचा रस्त्यावरचा खर्च चाचणीपेक्षा सुमारे २० टक्के जास्त निघाला.

डॅशबोर्डवरचा आकडाही बहुधा थोडा गोड बोलतो. खरा आकडा टाकी ते टाकी मोजूनच मिळतो. टाकी फुल करा. पंपाची नळी पहिल्यांदा 'टक' करून बंद झाली की थांबा. वरून आणखी थोडं दाबून भरू नका. त्याने मोजणी बिघडते, शिवाय टाकीतली वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात पेट्रोल जाऊन तो खराब होतो. ट्रिप मीटर शून्यावर आणा. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर, पहिल्या 'टक'पर्यंतच भरा. समजा ६१२ किमी झाले आणि ३१.४ लिटर बसलं. ३१.४ गुणिले १००, भागिले ६१२: उत्तर ५.१३. एका टाकीवर विश्वास ठेवू नका, नळी दोन लिटर आधी बंद झाली तरी निकाल फिरतो. सलग तीन-चार टाक्यांची बेरीज घ्या.

पेट्रोलमध्ये इथेनॉल किती मिसळलेलं आहे, तेही आकड्यात उतरतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या दोन तृतीयांशच ऊर्जा असते. १० टक्के मिश्रणात ऊर्जा साधारण ३ टक्क्यांनी घटते, २० टक्क्यांत सुमारे ७. फटका दोन्ही गाड्यांना बसतो. पण एका गाडीचा आकडा एका मिश्रणावरचा आणि दुसरीचा दुसऱ्यावरचा, अशी तुलना केली तर ती फसवी होते.

हायब्रिड चालवण्याची वेगळी सवय

ब्रेक कसा लावता यावर हायब्रिडचा अॅव्हरेज सगळ्यांत जास्त ठरतो. ताशी ५० वरून ब्रेक जोरात दाबला, तर सुरुवातीला ७० किलोवॅटच्या आसपास शक्ती एकदम बाहेर पडते. एवढी छोटी बॅटरी इतका लोंढा पिऊ शकत नाही. तिला झेपेल तेवढी ती घेते, उरलेली डिस्क-पॅडमध्ये जाते. तीच गाडी लांबून, हळू हळू थांबवली तर १५ ते २० किलोवॅट निघतात आणि त्यातले बहुतेक बॅटरीत जातात. म्हणून सिग्नल लाल दिसताच पाय उचला आणि ब्रेकवर हलका पाय ठेवून लांबून थांबत या. अगदी शेवटी, गाडी थांबता थांबता, साधे ब्रेकच काम करतात. तिथे काही मिळत नाही.

उचलताना मात्र अती हळू जाण्यात शहाणपण नाही. इंजिन लागू नये म्हणून गोगलगायीसारखं रांगत राहिलं की बॅटरी संपते, मग इंजिनाला ती भरावी लागते, आणि त्या फेरीतली गळती तुमच्या माथी. बेताचा जोर देऊन वेग गाठा आणि मग पाय हलका करा.

दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत हायब्रिड निराश करते. थंड इंजिन सुरू झालं की धुराचं विष मारणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापेपर्यंत ते बंदच होत नाही. तो तापतो न तापतो तोच तुम्ही पोहोचता. चार छोटी कामं चार वेळा केलेल्या चार थंड फेऱ्यांपेक्षा एका गरम फेरीत उरकली, तर फरक दिसतो.

एसीचं गणित थोडं मजेशीर आहे. हायब्रिडचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, त्यामुळे गर्दीत इंजिन बंद असतानाही गार हवा येते. उकाड्यात तो १ ते दीड किलोवॅट खातो, आणि बॅटरीतला वापरता येणारा साठा असतो अर्ध्या युनिटच्या आसपास. वीस-तीस मिनिटांनी इंजिन उठतं, काही मिनिटं वीज भरतं, पुन्हा निजतं. तरीही सलग घुरघुरणाऱ्या इंजिनापेक्षा हे कितीतरी स्वस्त.

देखभाल: काय कमी, काय जास्त

इंजिन ऑइल, फिल्टर, स्पार्क प्लग, टायर हा खर्च दोन्हींत जवळपास सारखा. इंजिन अर्धा वेळ बंद असतं म्हणून ऑइल उशिरा बदललं तरी चालेल, असं समजू नका. छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापत नाही, न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि ते पातळ होतं. मुदत आणि ग्रेड दोन्ही पुस्तिकेतलेच पाळा. अनेक हायब्रिडना ०डब्ल्यू-२० किंवा ०डब्ल्यू-१६ एवढं पातळ ऑइल लागतं. हाताशी आहे ते जाड ऑइल ओतलं की अॅव्हरेज खाली येतो.

फुल हायब्रिडमध्ये बरेच भाग नसतातच. वेगळा स्टार्टर नाही, अल्टरनेटर नाही, त्यांचा पट्टा नाही. टोयोटाच्या पद्धतीत क्लच नाही आणि गिअरची अदलाबदलही नाही. ग्रहचक्रासारखी दातेरी चाकं इंजिन आणि दोन मोटरींची शक्ती वाटून घेतात. नावात सीव्हीटी (सहसा पट्ट्यावर चालणारा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) असलं तरी आत घासणारा पट्टा नसतो. त्यातलं ऑइल आयुष्यभर पुरतं असं कधी कधी सांगितलं जातं. लाखभर किलोमीटरला बदललेलं बरं.

ब्रेक पॅड साध्या गाडीपेक्षा खूप जास्त टिकतात. पण न वापरण्यानेही ब्रेक खराब होतात. डिस्कवर गंज धरतो, कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीच्या) सरकत्या पिना अडकतात, मग एकाच बाजूचं पॅड खाल्लं जातं आणि चाक ओढल्यासारखं होतं. पॅड जाड दिसलं म्हणून मेकॅनिकला पुढे जाऊ देऊ नका. वर्षातून एकदा पिना काढून, साफ करून, ग्रीस लावून घ्या.

पेट्रोल गाडीत नसलेली दोन कामं इथे वाढतात. एक, इन्व्हर्टरचा कूलंट. त्याची टाकी इंजिनाच्या कूलंटपासून वेगळी असते आणि तपासायची राहून जाते. दोन, मोठ्या बॅटरीच्या पंख्याची जाळी. अनेक गाड्यांत मागच्या सीटशेजारी एक साधी झरोक्यासारखी जाळी असते. तिच्यातून पंखा आतली गार हवा ओढून बॅटरी थंड ठेवतो. सीट कव्हरने ती झाकली जाते, तिच्यासमोर पिशव्या रचल्या जातात, धूळ आणि पाळीव प्राण्यांचे केस अडकतात. हवा अडली की बॅटरी तापते, आणि बॅटरीचं आयुष्य कमी करणारी उष्णतेसारखी दुसरी गोष्ट नाही. जाळी दर काही महिन्यांनी साफ करायला दहा मिनिटं पुरतात.

मोठ्या बॅटरीची जेवढी भीती घातली जाते तेवढी ती नाजूक नसते. गाडीचा संगणक तिला कधी पूर्ण भरू देत नाही की पूर्ण रिकामी होऊ देत नाही. साधारण ४० ते ८० टक्क्यांच्या मधेच खेळवतो. अनेक कंपन्या तिला आठ वर्षांची किंवा त्याहून जास्त वॉरंटी देतात. वॉरंटी संपल्यावरही गाडी ठेवायची असेल, तर नव्या बॅटरीची किंमत लिटरमध्ये बदलून हिशेबात एकदा घालून बघा. बिघडलेलं एकच मॉड्यूल (बॅटरीचा एक खण) बदलून देतो असं कोणी म्हणालं, तर सावध राहा. बाकीची मॉड्यूल्सही तेवढ्याच वयाची असतात; आज एक गेलं, सहा महिन्यांनी शेजारचं जातं. नारिंगी रंगाच्या वायरी शेकडो व्होल्टच्या असतात. त्यांना प्रशिक्षित माणसाशिवाय कोणी हात लावू नये.

रस्त्यात दगा देते ती बहुतेकदा छोटी १२ व्होल्टची बॅटरी. फुल हायब्रिडमध्ये ती इंजिन फिरवत नाही, फक्त संगणक जागे करते आणि मोठ्या बॅटरीचा रिले (विजेवर चालणारा स्विच) जोडते. साध्या गाडीत बॅटरी मरायला आली की स्टार्टर कण्हतो आणि आपल्याला कळतं. इथे तशी पूर्वसूचना मिळत नाही; काल ठीक होती, आज दिवेच लागत नाहीत. चार-पाच वर्षं झाली की दर सर्व्हिसिंगला ती तपासून घ्या. गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहणार असेल, तर अधूनमधून अर्धा-पाऊण तास 'रेडी'मध्ये (चालू, निघायला तयार) ठेवा. फक्त मोकळ्या जागेत, कारण इंजिन आपोआप सुरू होतं आणि बंद गॅरेजमध्ये त्याचा धूर जिवावर बेतू शकतो.

प्लग-इनचा वेगळा हिशेब

प्लग-इनमध्ये बॅटरी मोठी, साधारण ८ ते २० युनिटची. रोज भरली तर रोजचं जाणं-येणं विजेवर होतं. नाही भरली तर ती दीडदोनशे किलो जास्त वजन घेऊन फिरणारी हायब्रिड असते, बाकी काही नाही. वर सांगितलेल्या युरोपियन आयोगाच्या माहितीत प्लग-इन गाड्यांचं रस्त्यावरचं कार्बन उत्सर्जन चाचणीतल्या आकड्याच्या साडेतीनपट निघालं. मोठं कारण हेच, की मालक त्या पुरेशा चार्ज करत नाहीत.

विजेवर १०० किमीला, चार्जिंगमधली गळती धरून, १८ युनिट लागतात असं समजू. साध्या हायब्रिडला तेवढ्याच अंतराला ५ लिटर लागतं. १८ भागिले ५ म्हणजे ३.६. तुमच्याकडे एका लिटरची किंमत ३.६ युनिट विजेपेक्षा जास्त असेल, तर वीज स्वस्त. घरच्या दरात बहुधा ती स्वस्तच निघते. रस्त्यावरच्या वेगवान चार्जरचा दर लावला की चित्र उलटंही होऊ शकतं. घरी किंवा कामाच्या ठिकाणी प्लगची सोय नसेल, तर प्लग-इनचा विचार तिथेच सोडून द्यावा.

जुनी हायब्रिड घेताना

किमतीतला सुरुवातीचा फरक पहिल्या मालकाने सोसलेला असतो, त्यामुळे जुनी हायब्रिड कधी कधी नव्यापेक्षा चांगला सौदा ठरते. फक्त बॅटरीची परीक्षा घ्या. शक्य असेल तर स्कॅनर लावून बॅटरीतल्या प्रत्येक ब्लॉकचा (खणांच्या गटाचा) व्होल्टेज बघायला सांगा. गाडी जोरात उचलताना एखादा ब्लॉक बाकीच्यांपेक्षा एकदम खाली जात असेल, तर तो जायच्या वाटेवर आहे. स्कॅनर नसेल तर घड्याळ पुरे. गाडी वीसेक मिनिटं फिरवून गरम करा, सावलीत उभी करा, 'रेडी'मध्ये एसी लावून बसा आणि इंजिन किती वेळाने लागतं ते मोजा. निरोगी बॅटरी बराच वेळ काढते. दर दोन-तीन मिनिटांनी इंजिन उठत असेल आणि पडद्यावरच्या बॅटरीच्या पट्ट्या भराभर खाली-वर होत असतील, तर भावात नव्या बॅटरीचे लिटर वजा करून बोला.